उरायला हवा होता तो ओटा

पनवेलच्या बाजारपेठेतून निघून पुण्याच्या रस्त्याला मिळणारी एक आळी आहे. तिची एक बाजू मी सरळ केली. पुढे नोकरीत मी बरेच रस्ते आखले, दोन लहान पूल बांधले, एका गावाला पाण्याची टाकी करून दिली. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर मी हौसेनं सांगतो. या आळीबद्दल मात्र घरातसुद्धा कधी धड बोललो नाही. बायकोला अर्धं माहीत होतं. मुलांना काहीच नाही.

ज्या कचेरीत मी ओव्हरसियर होतो तिचं नाव लिहीत नाही, कारण चूक कचेरीची नव्हती, माझी होती.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. आळीच्या एका अंगाला अकरा घरं होती, ओळीनं, आणि प्रत्येक घरापुढे ओटा. काही दगडी, काही मातीचे सारवलेले. उंची कमरेच्या जरा खाली आणि रुंदी साडेपाच-सहा फूट. दुसऱ्या अंगाला भाताच्या गिरणीची लांबच लांब भिंत. मधे जेमतेम नऊ फुटांचा रस्ता. बैलगाडी आली की चालणारा माणूस न बघताच एक पाय उचलून ओट्यावर चढायचा, गाडी गेली की उतरायचा. कुणाचा ओटा आहे हे बघायची गरज नसे. बायका तिथे वाल सोलत बसायच्या. गावांतून डोक्यावर पाट्या घेऊन येणाऱ्या बायका घटकाभर तिथेच टेकायच्या. म्हातारी माणसं चार ओटे ओलांडून पाचव्यावर दम खायची आणि पुढे जायची. आम्ही पोरं ओट्याओट्यांवरून उड्या मारत शाळेत जायचो.

वळणावरचं घर मास्तरांचं. मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. ते बेने इस्राएल समाजाचे. कोकणातले पिढ्यान् पिढ्यांचे मराठी बोलणारे ज्यू. पनवेलात त्यांची पाच-पंचवीस घरं असतील. त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला तेही आणि गावही मशीदच म्हणायचं. शनिवार हा त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी मास्तर कुठल्याही वाहनात बसत नसत. सकाळी स्वच्छ लांब कोट आणि डोक्यावर टोपी घालून ते मास्तरीणबाईंबरोबर चालत मशिदीत जायचे. सगळी आळी त्यांना वाट द्यायची.

माझा हात चित्राचा आहे हे मास्तरांनीच ओळखलं. आमचं घर गाडीच्या चाकांचं. वडील सुतार. पनवेलची चाकं तेव्हा पार घाटावर जायची. आमच्या कारखान्यात तापवून लाल केलेली लोखंडी धाव चाकावर चढवत तेव्हा लाकूड करपल्याचा वास उठायचा आणि तो माझ्या कपड्यांना, केसांना चिकटून असायचा. वर्गात त्या वासाची मला लाज वाटायची. मास्तरांनी मला ओट्यावर बसवून भूमिती शिकवली. वडिलांकडे येऊन म्हणाले, "याला चाकाला लावू नका, पट्टीला लावा." पुढची परीक्षा, मुंबईतला कोर्स, नोकरी, सगळं त्यांच्या शब्दावर झालं. मी ओव्हरसियर होऊन पनवेलातच परत आलो तेव्हा आईनं आधी देवापुढे आणि मग मास्तरांपुढे पेढे ठेवायला लावले.

गिरणीच्या शेठांनी मोटार घेतली त्याच सुमारास. गावात त्याआधी मोटारी नव्हत्या असं नाही. डॉक्टरांची एक होती, आणि पुण्याच्या रस्त्यानं दिवसभर जातच असत. पण आळीत राहणारी मोटार ही पहिलीच. गिरणीचं फाटक आळीत उघडायचं, आणि मास्तरांच्या घराशी जे वळण होतं तिथे मोटार अडायची. पुढे-मागे, पुढे-मागे करत ती वळायची तोवर दोन्हीकडे माणसं आणि गाड्या तुंबायच्या. शेठांनी अर्ज केला. कचेरीला तो पटला, कारण तेव्हा सगळ्यांनाच पटायचं. रुंद रस्ता म्हणजे सुधारणा. मलाही तसंच वाटायचं, अगदी मनापासून. आळी पाच फुटांनी रुंद करायची असं ठरलं. दोन्ही बाजूंनी सारखी जागा घ्यायची, ओट्यांकडून अडीच फूट, भिंतीकडून अडीच फूट. मोजणी आणि नकाशा माझ्याकडे आला.

दुसऱ्याच दिवशी भर उन्हात मी फीत खांद्याला अडकवून पुलाकडे चाललो होतो. मोटार शेजारी येऊन थांबली.

"ओव्हरसियरसाहेब, पायी कुठे निघालात? बसा की."

मला साहेब म्हणणारे ते पहिले. मी मागचं दार उघडायला गेलो तर शेठ म्हणाले, "मागे कशाला? पुढे या."

त्या सीटवर बसल्यावर काय वाटलं ते मी आज प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मला वाटलं, आपण पोचलो. पाय लांब करता येत होते. वारा अंगावर यायचा. भोंगा वाजला की समोरची माणसं बाजूला व्हायची आणि त्यांतली निम्मी मला ओळखणारी असायची. गिरणीवाल्यांना माझ्याकडून काय हवं होतं हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी तेव्हा काही मागितलं नाही. पुढच्या रविवारी खोपोलीपर्यंत नेलं, घाटाच्या पायथ्याशी चहा पाजला. त्याच्या पुढच्या रविवारी कर्नाळ्याकडे.

त्या कर्नाळ्याच्या फेरीत परत येताना रस्त्याच्या कडेनं एक माणूस नवं कोरं चाक हातानं ढकलत चालला होता. मोटारीनं भोंगा दिला. माणूस दचकला, चाक कडेला वळवायला गेला आणि ते त्याच्या हातून सुटून खालच्या चरात जाऊन आडवं पडलं. मी पाठीवरूनच ओळखलं होतं. माझे वडील होते ते. गिऱ्हाइकाची गाडी वाटेत मोडली म्हणून चाक घेऊन निघाले होते.

शेठांनी ओळखलं नाही. "थांबवा" एवढाच शब्द मला म्हणायचा होता. मी समोरच्या काचेतून बघत राहिलो.

संध्याकाळी वडील घरी आले. कोपर खरचटलं होतं. हातपाय धुऊन जेवायला बसले. जेवता जेवता म्हणाले, "बसायला बरी असते का रे?"

"हो," मी म्हणालो.

"मऊ असंल," एवढंच म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली.

मला वाटतं, त्याच दिवशी मी सावध व्हायला हवं होतं. झालो नाही. उलट त्या प्रसंगानंतर मला बैलगाड्यांचा, चाकांचा, चालत जाण्याचाच राग आला. असं का व्हावं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

चौथ्या खेपेला शेठ बोलले. मोटार फाटकात उभी करून त्यांनी भिंतीवर हात ठेवला. "ही गेल्याच वर्षी बांधली. आत लगेच धान्याची कोठी आहे, तिचा पाया भिंतीला लागून. पलीकडे काय, ओटेच तर आहेत. ओट्याखाली कुणाचा पाया नाही." आणि माझ्याकडे बघून हसले. "तुम्ही शिकलेले आहात. तुम्हाला मी काय सांगावं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीत सगळे डबे खायला उठले तेव्हा मी नकाशाचं ट्रेसिंग क्लॉथ पसरलं आणि काढलेल्या दोन रेषा ब्लेडनं हलक्या हातानं खरवडल्या. भिंतीकडची रेषा भिंतीवरच आणली, ओट्यांकडची अडीच फूट आणखी आत सरकवली. खरवडलेल्या जागी शाई फुटू नये म्हणून नखानं घासून गुळगुळीत केलं. पंधरा मिनिटांचं काम. वरिष्ठांनी दुसऱ्या दिवशी सही केली. त्यांचा माझ्या मोजणीवर विश्वास होता.

हिशेब सरळ होता. ठरल्याप्रमाणे अडीच फूट गेले असते तर प्रत्येक घरापुढे निम्मा ओटा उरला असता, बसण्यापुरता, पाय उचलून चढण्यापुरता. पाच फूट गेल्यावर एक पायरी आणि उंबरठा, एवढंच उरणार होतं.

घरवाल्यांची संमती घ्यायची होती. कागदावर "रुंदीकरणास आवश्यक तेवढी जागा" असं मोघम लिहिलेलं होतं. तो घेऊन मी आधी मास्तरांकडे गेलो, कारण त्यांनी सही केली की बाकी दहा घरं करणार हे मला माहीत होतं. मास्तर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला.

"आवश्यक तेवढी म्हणजे किती?"

"अडीच फूट, मास्तर."

"आणि समोरून?"

"तेवढीच. दोन्ही बाजूंनी सारखं."

खरवडलेला नकाशा तेव्हा कचेरीच्या कपाटात होता.

"मग हरकत नाही," मास्तर म्हणाले. "गावाला रस्ता लागतोच. आपण अडवून धरणं बरं नव्हे." त्यांनी सही केली, चपला घातल्या आणि माझ्याबरोबर घरोघर आले. प्रत्येक दारात म्हणायचे, "मी वाचलंय. निम्मा ओटा राहतो. आपलाच मुलगा आहे हा, करा सही." एका घरात नवीन सून आली होती. ती आतून सासूला म्हणाली, "मास्तर सांगतायत म्हणजे बरोबरच असेल." मला ते ऐकू आलं. मास्तरांनाही ऐकू आलं आणि ते खूश झाले.

काम सुरू झालं त्या सकाळी मजुरांनी दोरी बांधली. दोरी ओट्यांच्या पार आतल्या कडेला, पायऱ्यांना चिकटून गेली. बायामाणसं बाहेर आली. पहिला टिकाव पडायच्या आधीच आरडाओरडा झाला. मी तयारी करून ठेवली होती. वळणाची त्रिज्या, गटाराचा उतार, असे शब्द मी वापरले. अर्ध्या लोकांना ते कळले नाहीत म्हणून ते गप्प बसले. उरलेले मास्तरांकडे वळले.

"मास्तर, तुम्ही कागद वाचला होतात ना?"

मास्तर ओट्यावर उभे होते. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे. पाडायच्या जागेवर खूण म्हणून चुना मारतात, त्याचा भिंतीवर एक ठिपकाही नव्हता. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

"वाचला होता," ते म्हणाले.

"मग?"

"माझ्याच वाचण्यात चूक झाली असेल," मास्तर म्हणाले, आणि उतरून घरात गेले.

दोन दिवसांत अकरा ओटे गेले. दगड कचेरीच्या गाडीनं नेले, माती तिथेच दाबली, वर खडी आणि डांबर. तिसऱ्या दिवशी मास्तर मला आळीच्या तोंडाशी भेटले. मी नमस्कार केला. ते थांबले.

"गणितात तू कधी कच्चा नव्हतास," ते म्हणाले आणि चालू लागले.

शेठांची मोटार आता एका झटक्यात वळायची. तेवढंच झालं असतं तर कदाचित मी हे सगळं विसरूनही गेलो असतो. पण रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाल्याची बातमी ड्रायव्हर लोकांत पसरते. बाजारातली गर्दी टाळायला मालाचे ट्रक आळीतून पुण्याच्या रस्त्याला निघायला लागले. नऊ फुटांवर ज्या गाड्या बैलांच्या चालीनं चालायच्या त्या चौदा फुटांवर धावायला लागल्या. घराचं दार उघडलं की समोर मोटार. बायकांनी दारं लावून घेतली. पोरांना शाळेत सोडायला कुणीतरी हात धरून जायला लागलं. आळीत एवढी माणसं होती, ती कुठे गेली असं वाटावं इतकी आळी ओस पडली, आणि मोटारींचा आवाज मात्र दिवसभर.

मास्तरांच्या ओट्याच्या कडेला खाडीपलीकडच्या गावातली एक आगरी बाई मीठ आणि भाजी घेऊन बसायची. मी लहान असल्यापासून बसायची. ओटा गेल्यावर ती दोन-चार दिवस घराच्या भिंतीला टेकून बसली. मग एका ट्रकनं तिची पाटी उडवली. मी समोरून येत होतो. मीठ रस्त्याभर पांढरं झालं होतं.

"ये रं बाबा, बग तुजा रस्ता," ती म्हणाली. "आमाला पाय ठेवाला जागा नाय. मोटारी किती हाईत रं गावात? आन पाय किती हाईत?"

मी वाकून तिची तोंडली गोळा करायला लागलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू कशाला हात काले करतस." ती पुन्हा आळीत बसली नाही.

आता त्या शनिवारचं लिहितो. पावसाळा संपून ऊन पडलं होतं. मी आळीच्या टोकाशी गटाराचं काम बघत उभा होतो. मास्तर आणि मास्तरीणबाई मशिदीकडे निघाले होते, नेहमीसारखे, त्या दोन पावलं पुढे, ते मागे. मागून भाताच्या पोत्यांचा ट्रक आला. ड्रायव्हरनं भोंगा दिला. मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही. चाळीस वर्षांची सवय होती. त्यांनी न बघता डावा पाय उचलला, ओट्यावर चढायला, आणि तो पाय हवेत पडला. ओटा नव्हताच. तोल जाऊन ते गिरकी घेत उलट रस्त्याकडे कलंडले आणि ट्रकच्या मागच्या कोपऱ्यानं त्यांना खुब्यावर धडक देऊन फेकलं.

मी धावलो. मास्तरीणबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. फाटकातून शेठही धावत आले आणि लगेच मोटार काढायला पळाले. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्या दिवशी शेठ एका चांगल्या माणसासारखे वागले. आम्ही चौघांनी मास्तरांना उचललं तेव्हा ते अर्धवट शुद्धीत म्हणाले, "आज शनिवार आहे."

"जीव वाचवायला चालतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बसा गप्प."

मोटार मी रुंद केलेल्या रस्त्यावरून सुसाट गेली आणि दहा मिनिटांत दवाखान्यात पोचली. मास्तर वाचले. त्यासाठी मोटारीचे आणि त्या रस्त्याचेही उपकार मानले पाहिजेत असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होतो. पण त्यांनी पाय कशासाठी उचलला होता हे बघणारा मी एकटाच होतो. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही. लोक म्हणाले, म्हातारपण, तोल गेला.

खुबा सांधला तो तिरपा. काठी आली. मशिदीपर्यंतचं अंतर त्यांना चालवेना आणि वाहनात ते बसेनात, म्हणून शनिवार ते घरातच काढायला लागले. त्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी इस्राएलला गेला होता. तो बोलावतच होता. इतके दिवस मास्तर जायला तयार नव्हते. "माझी आळी सोडून मी कुठे जाऊ?" म्हणायचे. आता त्यांनी कागदपत्रं भरायला घेतली.

ते निघायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. घरात ट्रंका भरलेल्या होत्या. मास्तरीणबाई भांडीकुंडी कुणाकुणाला वाटत होत्या. मी मास्तरांसमोर खाली बसलो आणि म्हणालो, "मास्तर, तो नकाशा..."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. भिंतीला चुना लागला नव्हता."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"दहा घरांत मी तुला घेऊन गेलो. आपलाच मुलगा आहे म्हणालो. काय सांगणार होतो? मला माझीच लाज वाटली." काठीचं टोक त्यांनी फरशीवर फिरवलं. "तू माझी माफी मागायला आला असशील तर नको मागूस. त्या दहा घरांत जा. त्यांना वाटतं, मास्तरांनी कागद नीट वाचला नाही. तो नीट वाचला होता, तेवढं त्यांना सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, मास्तर."

मुंबईच्या गाडीला त्यांना सोडायला टांगा आला होता. ट्रंक मी उचलून ठेवली. आळीतली फार थोडी माणसं दारात आली होती. काही जणांच्या मनात ओट्यांचा राग होता, तो मास्तरांवर. टांगा वळणावरून गेला तेव्हा घोड्याला मागून एका मोटारीनं भोंगा दिला.

मी दहा घरांत गेलो नाही. पहिल्या घराच्या पायरीपर्यंत गेलो होतो. आतून रेडिओचा आवाज येत होता. मी परत फिरलो. उद्या जाऊ म्हटलं. मग माझं लग्न झालं, वडील वारले, चाकांचा कारखाना बंद झाला. उद्या लांबत गेला.

पण आळी मला सुखानं चालू देईना. रोज कचेरीत जाताना मी तिथूनच जायचो आणि रोज कुणीतरी भिंतीला पाठ चिकटवून ट्रक जाऊ देताना दिसायचं. दोन-तीन वर्षांनी मी वरिष्ठांपुढे एक नवा नकाशा ठेवला. घरांच्या बाजूला पाच फुटांचा उंच पट्टा बांधायचा, फक्त चालणाऱ्यांसाठी. आणि पुण्याच्या रस्त्याकडच्या तोंडाशी जुन्या रुळांचे तुकडे उभे पुरायचे, म्हणजे माणूस, सायकल, हातगाडी जाईल पण मोटार आरपार निघणार नाही. गिरणीत जायचं तर बाजाराकडून या आणि बाजाराकडूनच परत जा.

वरिष्ठांनी चष्मा कपाळावर चढवला. "रस्ता तुम्हीच रुंद केला होतात ना? सगळा मुलूख रस्ते रुंद करतोय आणि आपण अरुंद करायचा?"

खरं सांगायची ती संधी होती. मी म्हणालो, "ट्रकांनी गटारावरच्या फरश्या फुटतात, साहेब. दरवर्षी दुरुस्ती करावी लागते." ते त्यांना पटलं.

कचेरीत माझी थट्टा झाली. शेठ एकदा वाटेत थांबून म्हणाले, "तुम्हीच सरळ केलीत, तुम्हीच बंद करता?" त्यांना सगळं माहीत होतं, आणि ते कुणाला सांगणार नाहीत हेही मला माहीत होतं. त्यानंतर त्यांनी मला कधी मोटारीत बोलावलं नाही, पण कामात आडवेही आले नाहीत.

रूळ पुरले त्या दिवसापासून आळीचा आवाज बदलला. पहिले दोन-तीन दिवस ट्रक येऊन अडायचे, शिव्या देत मागे जायचे. मग यायचे थांबले. आठवड्याभरात त्या पट्ट्यावर कुणीतरी वाळवण घातलं. महिन्याभरात संध्याकाळी माणसं दिसायला लागली. पोरं एकटी शाळेत जाऊ लागली. गिरणीची मोटार बाजाराकडून हळूहळू यायची, कारण समोर रस्ता संपत होता. ओटे परत आले नाहीत. सिमेंटच्या सलग पट्ट्यावर कुणाचं घर कुठे सुरू होतं ते कळत नाही. पण चालता येत होतं.

मग आळीनं माझा सत्कार करायचं ठरवलं. मी नको म्हणालो, पण जोरात म्हणालो नाही. रविवारी सकाळी पट्ट्यावर सतरंज्या घातल्या, खुर्ची मांडली. अकरा घरांतली माणसं होती. मास्तरांच्या घरात आता भाडेकरू होते, तेही आले होते. आळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि दोन शब्द बोलले. म्हणाले, "मास्तर मोठा माणूस, पण त्यांनी त्या वेळी कागद नीट वाचला नाही आणि आपले ओटे गेले. त्यांची ती चूक त्यांच्या विद्यार्थ्यानं भरून काढली."

टाळ्या झाल्या. मग ते मला म्हणाले, "बोला ना दोन शब्द."

मी उठलो. समोर दहा घरं होती, एकाच सतरंजीवर. घरोघर जायचीही गरज नव्हती. मास्तरांनी सांगितलेलं वाक्य पाच-सहा शब्दांचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "आपण सगळ्यांनी जे सहकार्य केलंत त्याबद्दल मी आभारी आहे." आणि मी खाली बसलो.

त्या आठवड्यात मी मास्तरांना पत्र लिहिलं. त्यात पट्ट्याबद्दल, रुळांबद्दल लिहिलं. सत्काराचं लिहिलं नाही. उत्तर तीन महिन्यांनी आलं, मास्तरीणबाईंच्या अक्षरात. मास्तर हिवाळ्यात गेले होते. माझं पत्र त्यानंतर पोचलं. आळीतल्या सगळ्यांना सलाम सांगा, असं त्यांनी खाली लिहिलं होतं. तो सलाम मी सगळ्यांना सांगितला. तेवढं मला जमलं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी हे कागद घेऊन आळीत गेलो. अकरापैकी दोनच घरांत जुनी माणसं उरली आहेत. त्यांतलं एक, जिथे तेव्हा नवी सून आली होती. ती आता म्हातारी आहे, डोळ्यांनी अधू. मी तिला सगळं वाचून दाखवलं. मधे तिची नात चहा ठेवून गेली, तो गार झाला. वाचून झाल्यावर मी कागदांची घडी घातली. माझ्यावर रागावेल, काही बोलेल, म्हणून मी वाट बघत होतो.

"आम्ही मास्तरांना किती बोललो हो," ती म्हणाली. "मास्तरीणबाई भांडी वाटायला आल्या, तर सासूबाईंनी दारातूनच परत पाठवलं त्यांना."

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि नातीला हाक मारून सांगितलं, की पाहुणे निघालेत, त्यांना रस्त्यापर्यंत हात दे.